तपासायला आला माझाच पेपर

सरांचा पासवर्ड मला पाठ होता, हे आधीच कबूल करून टाकते. सर म्हणजे माझे पीएचडीचे गाइड. पुढे तेच भिलाईतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझे विभागप्रमुख झाले आणि मी त्यांच्या हाताखाली मेटलर्जी शिकवायला लागले. पीएचडी होऊन चार वर्षं झाली होती, पण गाइड काही सुटत नाही. नवरा सोडता येतो, कोर्टात जाऊन, रीतसर. गाइड सोडायला अजून कोर्ट निघालेलं नाही.

पासवर्ड पाठ का होता, हे सांगायचं तर आधी जर्नलचा कारभार सांगावा लागेल. तुम्ही पेपर लिहिता, जर्नलला पाठवता. संपादक त्यावरची नावं पुसतो आणि दोघा-तिघा जाणकारांकडे तो तपासायला देतो. पेपर कोणी लिहिला हे त्यांना कळत नाही, कोणी तपासला हे तुम्हाला कळत नाही. हे सगळं फुकटचं काम. म्हणून तो जाणकार माणूस रविवारी दुपारी, मटण जेवून, डोळ्यांवर झापड आलेली असताना तुमच्या दोन वर्षांच्या मेहनतीचा निकाल लावतो. आणि त्याने काहीही लिहिलं तरी तुमचं उत्तर एकाच वाक्याने सुरू झालं पाहिजे: माननीय परीक्षकांच्या बहुमोल सूचनांबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. हे टाइप करताना लेखकाच्या मनात काय चाललेलं असतं ते मी इथे लिहीत नाही. बाबा वाचतात.

तर असे पेपर तपासायला सरांकडे यायचे, आणि सर ते जसेच्या तसे माझ्याकडे ढकलायचे. मेलमध्ये एकच ओळ, 'प्लीज डू द नीडफुल.' मग मी सरांच्या नावाने आत शिरायची आणि सरांच्या वतीने विद्वान व्हायची. आमच्या विभागात ही रीतच होती. सरांच्या गाइडने सरांकडून हेच करून घेतलं होतं, त्यांच्या गाइडने त्यांच्याकडून. कोणालाच यात वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगू का, मला तर मजा यायची. नाव लपलेलं असलं की माणूस काय खडूस होतो! घरी भाजीवाल्याशी घासाघीस करायला लाजणारी मी, पार परदेशातल्या प्रोफेसरांना झापून काढायची. माझा एक ठरलेला प्रश्न होता, तो मी प्रत्येकाला विचारायची: मोजमाप कोणी घेतलं आणि ते बरोबर आहे हे दुसऱ्या कोणी तपासलं का, हे लेखकांनी स्पष्ट करावं. एका जर्नलने सरांना उत्कृष्ट परीक्षक म्हणून सर्टिफिकेट दिलं. सरांनी ते लॅमिनेट करून खुर्चीच्या मागे लावलं.

आता बाबांचं सांगते. बाबा स्टील प्लांटमध्ये रोल शॉपला होते. लाल झालेलं लोखंड लाटायची जी भलीमोठी लाटणी असतात, त्यांना रोल म्हणतात. एकीकडून आग, दुसरीकडून पाणी, त्यामुळे रोलला बारीक भेगा पडतात, टाचेला पडतात तशा. भेगा वाढल्या की रोल बाहेर काढायचा, खरडून पुन्हा गुळगुळीत करायचा. बाबांनी या भेगा वर्षानुवर्षं मोजल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. कोणी सांगितलं नव्हतं, आवड म्हणून. पुस्तकात लिहिलेलं की भेग रोलच्या मधोमध सुरू होते. बाबांच्या वह्या म्हणत होत्या, नाही, काठाकडून. मी वह्या चाळल्या आणि माझे डोळेच फिरले. इतकी वर्षं, इतके रोल, असा डाटा कोणाकडे नसेल.

सेक्टर सहामधल्या क्वार्टरात आम्ही लहानाचे मोठे झालो. आजूबाजूला सगळे विदर्भातून आलेले आमचेच लोक, सगळे कामगार. बाबा आकडे द्यायचे, रिपोर्टवर सही साहेबांची असायची. ती रीतच होती, बाबांची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. मी ठरवलं, पेपर लिहायचा आणि त्यावर पहिलं नाव बाबांचं टाकायचं. जुना डाटा छापायची रीतसर परवानगी आणली आणि सरांना सांगायला गेले.

सर हसत सुटले. "पिताजी का नाम? मॅडम, यह रिसर्च पेपर है या शादी का कार्ड?"

म्हणाले, शेवटी आभारात टाका. आणि पहिलं नाव कोणाचं, ते त्यांनी सांगितलंही नाही, इतकं ते उघड होतं. मी "जी सर" म्हणून बाहेर आले आणि स्टाफरूममध्ये डबा असा आपटला की शेजारच्या मॅडमची लोणच्याची बाटली पडली. भैताड समजते का हा माणूस मला? महिनाभरात पेपर लिहिला आणि सरांना न विचारता एका बऱ्या जर्नलला पाठवून दिला. लेखक दोन, बाबा आणि मी. त्या दिवशी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माहं नाव? इंग्रजीत?" आणि जाऊन दाढी करून आले. संध्याकाळ होती, कुठे जायचं नव्हतं.

चूक मी तेव्हाच करून बसले होते. आमच्याकडे कुठलाही पेपर लिहिला की संदर्भांच्या यादीत सरांचे चार-पाच पेपर घालायचे असतात, देवापुढे अगरबत्ती लावावी तसे. सवयीने मी याही पेपरात घातले. आणि संपादक तपासणारा माणूस कुठून शोधतो? त्याच यादीतून. लेखक आणि तपासणारा एकाच कॉलेजातले आहेत का, हे पाहायची तसदी कोण घेतो!

मार्चमध्ये तोंडी परीक्षा चालू असताना सरांचा मेल आला. प्लीज डू द नीडफुल. खाली यावेळी आणखी एक ओळ, 'रिजेक्ट टाइप है.' मी चहा पिता पिता फाइल उघडली, शीर्षक वाचलं आणि चहा नाकात गेला. मध्य भारतातील एका पोलाद कारखान्यातील रोलच्या भेगा. माझाच पेपर! नावं पुसलेला, नवरीसारखा नटून थटून, माझ्याच दारात उभा. समोरच्या पोराला मी काय विचारत होते ते विसरले आणि त्याला पुरे मार्क देऊन टाकले.

सरांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, हे तर स्पष्टच होतं. न उघडता रिजेक्ट! मी स्कूटी काढली आणि कुरुदला, बाबा रिटायर झाल्यावर घेतलेल्या घरी पोचेपर्यंत परीक्षकाचं अर्धं मत मनात लिहून झालं होतं. असा पेपर क्वचित वाचायला मिळतो. लेखकांची चिकाटी थक्क करणारी आहे. पहिल्या लेखकाचा अनुभव ओळीओळीत जाणवतो. लाज? छे! सरांनी माझ्याकडून फुकटात इतकं करून घेतलं, एकदा मी माझं करून घेतलं तर काय बिघडलं?

घरी येऊन सरांच्या नावाने आत शिरले आणि धडाधड टाइप करू लागले. खूप गोड गोड झालं तर संपादकाला संशय येईल, म्हणून एखादी शंका काढावी असं वाटलं. बोटांनी आपोआप तो ठरलेला प्रश्न टाइप केला. मोजमाप कोणी घेतलं, दुसऱ्या कोणी तपासलं का. म्हटलं, उत्तरही आपणच तयार ठेवू. बाबा अंगणात कूलरच्या जाळीतलं गवत, म्हणजे खस, बदलून राहिले होते. मी दारातूनच विचारलं.

"बाबा, भेगांचे हे रीडिंग बरोबर आहेत, हे कोणी तपासलं होतं?"

"माह्या पार्टनरनं. अजून कोन तपासन?"

"कोणता पार्टनर?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, आपल्याकडे सूर्य कोणत्या बाजूने उगवते.

पार्टनर पहिल्या पाळीला होता, बाबा दुसऱ्या. पहिल्या पाळीच्या शेवटी रोल बाहेर निघायचा. गरम रोल मोजता येत नाही, तो थंड व्हायला तास-दीड तास लागायचा. दोन वाजता पार्टनरची सुट्टी व्हायची, पण तो घरी जायचा नाही, थांबायचा. रोल थंड झाला की आधी तो एकटा भेगा मोजायचा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा. मग बाबा मोजायचे. त्याचा आकडा न पाहता. मग दोघं आपापली चिठ्ठी टेबलावर ठेवायचे. केसभर फरक असला तर चालायचा. जास्त असला की दोघांनी परत मोजायचं.

"त्याचा आकडा पहिले कावून नाही पाहायचा?" मी विचारलं.

"पाह्यला तं मंग डोया भेग पाहत नाई बाई, आकडाच पाहते."

 वहीत प्रत्येक भेगेपुढे दोन आकडे होते. मला वाटलेलं, बाबांनी दोनदा मोजलं असेल. मी दोन्हींची सरासरी काढली होती आणि तीच पेपरात टाकली होती. त्या माणसाला मी सरासरीत विरघळवून टाकलं होतं. आम्ही विद्वान लोक संपादकाला मधे घालून, नावं पुसून, पासवर्ड लावून जे करतो म्हणतो आणि करत नाही, ते हे दोघं चिठ्ठ्या खिशात ठेवून रोज करत होते.

"कुठे आहेत ते आता?"

"मेला ना तो. तू बारावीत होती तवा."

"मग तुम्ही मला सांगितलं कावून नाही?" मी ओरडलेच. चूक माझी होती ना, मग ओरडायला नको?

बाबा शांतपणे खसेची काडी ओढत म्हणाले, "तू इचारलं कवा? तुले आकडे पायजे होते, आकडे देल्ले. मले वाटलं, नाव कोनाचं लिवाचं ते तुमाले कॉलेजात शिकवत असन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगभरच्या अनोळखी लोकांना मी हा प्रश्न विचारत होते, आणि स्वतःच्या बापाला एकदाही विचारला नव्हता. बापाचं नाव छापायच्या घाईत दुसऱ्या कामगाराचं नाव मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. सर निदान सरळ सरळ करत होते.

बाबा म्हणाले, "त्याचं नाव टाक. त्याचं नसन तं माहं बी काढ."

मी समजावलं. आता तिसरं नाव घालायचं म्हणजे संपादकाला कळवावं लागेल, तो कारण विचारेल, मग पेपर तपासायला माझ्याचकडे आला हेही सांगावं लागेल, आणि पेपर हातचा जाईल. त्यापेक्षा आत्ता पास करून टाकते, छापायच्या आधी हळूच नाव घुसवू. यावर बाबा उठलेच. "म्हंजे आपला माल आपनच पास कराचा? वा वं, डाक्टरीन बाई!" हात झटकले आणि आत गेले. दोन दिवस माझ्याशी एवढंच बोलले: भात घेते का, नाही घेत.

तिसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं ओकून टाकलं. पेपर माझा आहे, तुमच्याकडे आला, तुम्ही माझ्याकडे पाठवला, मी संपादकाला कळवणार आहे. मला वाटलं, सर पासवर्डवरून घाबरतील. सर म्हणाले, "आपने मेरे नाम के बिना पेपर डाल दिया?" मागे ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट चमकत होतं. मला इतकं हसू आलं की मी खोकल्याचं नाटक करून बाहेर पळाले.

संपादकाला मी सगळं लिहिलं, काही न लपवता. उत्तर कोरडं ठणठणीत आलं. सरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं आहे. पेपर मागे घेतला असं समजावं. तिन्ही नावं घालून, मृत लेखकाच्या कुटुंबाची संमती जोडून नव्याने पाठवायचा असेल तर पाठवा, पण नंबर परत शेवटून. सरांनी मला सोमवारची पहिली लॅब आणि कमिट्यांच्या सगळ्या फायली देऊन टाकल्या. बाकी जर्नलांसाठीचे त्यांचे 'प्लीज डू द नीडफुल' आता विभागातल्या नव्या मॅडमकडे जाऊ लागले.

संमतीसाठी बाबांनी पार्टनरच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दुर्गला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "नाव छापता? छापा ना, भाऊजी. पन त्याले जाऊन तं इतके वर्सं झाले, आता कायचं छापता?" बाबांनी समजावून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी कागदावर सही करून पाठवली.

पुढचे सात महिने मी मेल उघडत होते आणि बाबा मला विचारत होते, "आलं का त्याहिचं?" मग एकदाचे दोन परीक्षक बोलले. पहिला भला माणूस होता, चार ओळीत पास करून मोकळा झाला. दुसऱ्याने सुरुवातच अशी केली की, लेखकांना प्रत्यक्ष रोलिंग मिलमधल्या कामाची फारशी कल्पना दिसत नाही. मी बाबांना मराठीत करून सांगितलं. बाबा एवढे हसले, एवढे हसले, की पाणी आणून द्यावं लागलं. "अजून काय म्हनते तो?"

मी म्हटलं, विचारतो आहे की रोल किती वेळ थंड झाल्यावर मोजला. प्रत्येक मोजणीची वेळ द्या म्हणतो. थंड होण्यात फरक असेल तर भेगेत फरक दिसेल.

बाबांचं हसू थांबलं. "हे बरोबर हाये. मानूस हुशार दिसते." आणि कपाटातून सगळ्या वह्या काढून बसले. प्रत्येक आकड्याच्या बाजूला कोपऱ्यात बारीक वेळ लिहिलेली होती, मी ती कधी पाहिलीच नव्हती. आम्ही बापलेकीने ती सगळी उतरवून काढली. तक्त्यात एक कॉलम वाढला. उत्तरात मी लिहिलं, माननीय परीक्षकांच्या बहुमोल सूचनांबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी खरं लिहिलं.

पेपर छापून आला. पहिलं नाव पार्टनरचं, कारण बाबांनी ऐकलंच नाही. आधी तो मोजायचा, म्हणाले, मग मी. दुसरं बाबांचं, तिसरं माझं. रंगीत प्रिंट काढली आणि एका रविवारी आम्ही दोघं दुर्गला गेलो.

काकू दारातच बसून तांदूळ निवडून राहिल्या होत्या. जय भीम झालं, पाणी झालं. मी प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि नाव दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं, बोट फिरवलं, म्हणाल्या, "छान छापलं." आणि मग, पाहुण्याने आणलेल्या वस्तूची करतात तशी, पानं उलटून पाहू लागल्या. सगळं इंग्रजी. तक्त्याच्या पानावर आकडे होते, ते त्यांना वाचता येत होते.

"हे काय हाये?"

"मोजणीच्या वेळा आहेत, काकू. त्यांनी किती-किती वाजता मोजलं ते."

"तीन-दहा," त्यांनी वाचलं. "तीन-पंचवीस. तीन-पंचवीस. साडेतीन." मग बाबांकडे पाहिलं. "पाळी तं दोनले सुटे ना, भाऊजी?"

बाबा म्हणाले, "हाव. पन रोल थंडा व्हायले टाइम लागे. तो थांबे."

"रोज?"

"रोल निंगाला का थांबे."

काकूंनी पुढ्यातलं सूप बाजूला सरकवलं. मग एकदम म्हणाल्या, "मी म्हनो, पत्ते खेळत बसते झाडाखाली. पाच-पाच वाजता घरी ये तो. पोरं लहान, घरात मी एकटी. काय काय बोलली मी त्याले! एक खेप तं त्याचा डब्बा नालीत फेकला. त्यानं कावून नाही सांगितलं मले?"

बाबा पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. "तो म्हने, फुकट थांबतो म्हनून सांगितलं तं अजून भांडन. पत्त्यावर तिचं एकच भांडन हाये, तेवढ्यात भागून राहिलं."

"अन् तुमी?" काकूंचा आवाज चढला. "तुमाले तं मालूम होतं! तो गेला तवा आले होते ना तुमी घरी, तेरा दिवस येत होते. तवा बी नाही सांगितलं?"

बाबांनी खाली सांडलेले दोन तांदूळ उचलून सुपात टाकले.  मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, दोन्ही एकदम.

काकूंनी प्रिंट माझ्या हातात दिली. चष्म्याच्या काचा पुसल्या, पण चष्मा डोळ्याला परत लावला नाही.

"तू वाच," म्हणाल्या. "तारीख बी वाच, टाइम बी वाच. सगळे वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.